वाडीतला कॅमेरा (भाग ७) : एसटी एकदाच येते

महाडहून खाडीपट्ट्याकडे निघालेली सकाळची एसटी तुडीलच्या थांब्यावर किती वेळ उभी राहते? चढणारे, उतरणारे, टपावरचं सामान असं सगळं धरून मिनिटभर, फार तर दोन मिनिटं. प्रश्न वाहतुकीचा वाटतो. पण लघुपट करायला निघालेल्या विद्यार्थ्यांनी पटकथेची पहिली ओळ लिहिण्याआधी तो स्वतःला विचारायला हवा, कारण गावाकडच्या पहिल्यावहिल्या पटकथेत एसटी हमखास असते. ती कुणाला तरी मुंबईला घेऊन जाते, कुणाला परत आणते, नाहीतर कुणाची तरी चुकते.

समजा, कॉलेजातली चार मुलं तुडीलमध्ये नऊ मिनिटांचा लघुपट करताहेत. गोष्ट साधी आहे. बारावीचा पेपर असलेली मुलगी, घरात तापाने फणफणलेली आजी आणि महाडला जाणारी एकच सोयीची गाडी. शेवटचा प्रसंग लिहिला आहे तो असा : मुलगी पाखाडी उतरून धावत येते, गाडी सुटलेली असते, ती थोडं मागे धावते आणि थांबते. कागदावर या तीन ओळी आहेत. प्रत्यक्षात मुलगी दगडावर अडखळते, फोकस हुकतो, मध्येच एक मोटारसायकल आडवी येते आणि गाडी वळणाआड जाते. चालकाला ‘पुन्हा एकदा’ म्हणता येत नाही. आत बसलेल्यांना दवाखाना, बाजार, कचेरी गाठायची असते. दुसरा टेक दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी आभाळ आलेलं असतं, गाडी वेगळ्या रंगाची येते आणि मुलीने केस धुतलेले असल्यामुळे कालची वेणी आज मोकळी असते.

आधीच्या सहा भागांत गोष्ट, पटकथा, कॅमेरा आणि भिंगं यांविषयी वाचून झालं. या भागाचा विषय आहे चित्रीकरण सुरू झाल्यावर बसणारे धक्के. विद्यार्थी लघुपट कॅमेऱ्यामुळे क्वचितच फसतात. आजचा मध्यम किमतीचा फोनही पुरेसं चांगलं चित्र देतो. फसवणाऱ्या गोष्टी दोन : वेळ आणि आवाज. पटकथेत त्या दिसत नाहीत आणि मैदानात उतरल्यावर दुसरं काही दिसत नाही.

एसटीवरचा उपाय आवाजातच सापडतो. गाडी दाखवायचीच नाही. मुलगी पाखाडीच्या शेवटच्या पायरीवर आहे, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर. पडद्याबाहेर दार आपटल्याचा आवाज, कंडक्टरची दुहेरी घंटी, इंजिनाचा चढता सूर, मग तो सूर वळणावर बारीक होत जातो. मुलीचे डोळे त्या आवाजाबरोबर डावीकडून उजवीकडे सरकतात. हे आवाज कुठल्याही सकाळी थांब्यावर उभं राहून, शांतपणे, पाच-सहा वेळा मुद्रित करता येतात. चेहरा दुपारी टिपायचा, गाडी सकाळी ऐकायची. दहा टेक झाले तरी कुणाचा खोळंबा नाही, आणि प्रेक्षकाला गाडी दिसली असंच वाटतं. तडजोड म्हणून काढलेली ही वाट मूळ कल्पनेपेक्षा बहुतेक वेळा सरस निघते, कारण त्या क्षणी बघण्यासारखी गोष्ट गाडी नसून मुलीचा चेहरा असतो.

वेळेचा धडा मराठी माणसाला सिनेमाच्या पहिल्या पानावरच मिळालेला आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला कॅमेरा खरेदी करून परतले तेव्हा पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी पैसे नव्हते. सावकाराला या नव्या कलेची ताकद पटवून द्यायची होती. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडी थोडी फिल्म खर्च करत त्याचं उगवणं टिपलं. पडद्यावर ते रोप मिनिटभरात मातीतून वर आलं. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही चित्रफीत पाहून पैसे उभे राहिले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्या वेळी फाळके चाळिशीत होते, पण या माध्यमात ते विद्यार्थीच होते, आणि त्यांनी पहिला विषय निवडला तो घरातल्या घरात, एका कुंडीत मावणारा. नट नाहीत, प्रवास नाही, परवानगी नाही. लागणार होता तो फक्त वेळ, आणि तो त्यांच्याकडे होता. हाताशी जे भरपूर आहे त्यातूनच गोष्ट काढायची, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण शोधून सापडणं कठीण.

वेळेने केलेली दुसरी प्रसिद्ध कोंडी बंगालमधली. सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’चं चित्रीकरण २७ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू केलं. ते तेव्हा जाहिरात कंपनीत नोकरी करत होते, म्हणून काम सुट्टीच्या दिवशी चालायचं. छायालेखक सुब्रत मित्र जेमतेम विशीतले होते आणि त्यांनी त्याआधी चित्रपटाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. पहिलं दृश्य होतं पांढऱ्या काशफुलांच्या रानातलं, अपू आणि दुर्गा आगगाडी बघायला जातात ते. अर्धं काम एका दिवशी झालं. उरलेलं करायला मंडळी पुढच्या आठवड्यात परतली तेव्हा गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकली होती. अर्ध्या दृश्यात फुलं आणि अर्ध्यात मोकळं रान असं चालणार नव्हतं. पुढच्या वर्षी फुलं येईपर्यंत थांबावं लागलं.

खाडीपट्ट्यात काशफुलांची जागा खाडी घेते. सावित्रीच्या खाडीकाठी चित्रीकरण करणाऱ्याला भरती-ओहोटीचं गणित यायलाच हवं, आणि ते गावातल्या मासे मारणाऱ्या कुणाही जाणत्याकडून पाच मिनिटांत शिकता येतं. कोकण किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा : तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, म्हणून सहाच्या सुमाराला भरती. एकादशीला सव्वाआठ. समुद्रापासून आत खाडीत पाणी चढायला आणखी वेळ लागतो, तो त्या त्या गावातल्या माणसांना ठाऊक असतो. रोज ही वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते. याचा चित्रीकरणातला अर्थ गंभीर आहे. या रविवारी सकाळी दहाला ओहोटी असेल आणि मुलगी चिखलातून चालत जाताना दाखवली असेल, तर पुढच्या रविवारी सकाळी दहाला तिथे भरती असणार. विद्यार्थ्यांना मोकळा मिळतो तो रविवारच. म्हणजे दृश्य एकाच दिवसात संपवायचं, नाहीतर उरलेला भाग पंधरवड्याने घ्यायचा. पंचांग हे इथे चित्रीकरणाच्या वेळापत्रकातलं खरोखरचं साधन आहे.

आणि पाऊस. महाड-पोलादपूर पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. गणपतीला चाकरमानी गावी येतात, घरं भरलेली असतात, नट मिळतात, म्हणून लघुपटाचा बेत नेमका याच दिवसांत आखला जातो. पहिली गोष्ट शिकायची ती ही की पाऊस डोळ्यांना दिसतो तितका कॅमेऱ्याला दिसत नाही. समोरून उजेड असला तर धो धो पाऊसही चित्रात नुसता धुरकट करडा पडदा होतो. थेंब दिसायला उजेड पावसाच्या मागून यावा लागतो आणि मागची बाजू गडद हवी, दाट झाडी किंवा ओल्या कौलांखालची काळोखी पडवी. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’मध्ये पावसाळी कोकण इतकं जिवंत दिसतं त्यामागे ही उजेडाची दिशा ओळखणारी नजर आहे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये छायालेखन शिकलेल्या या दिग्दर्शकाच्या पहिल्याच चित्रपटाला २०१४ साली बर्लिन महोत्सवात बालचित्रपटांच्या विभागातलं क्रिस्टल बेअर मिळालं.

पण पावसाचा खरा मार कानावर बसतो. पत्र्याच्या छपराखाली पाऊस सुरू झाला की दोन हातांवर बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तर फोनला काय येणार? कौलांवर आवाज मऊ असतो, पण पागोळ्या सुरू झाल्या की अंगणातल्या प्रत्येक पत्र्यावर, बादलीवर, फरशीवर वेगळा ताल धरला जातो आणि तो दर मिनिटाला बदलतो. एकाच संभाषणातलं आजीचं वाक्य सरीत आणि मुलीचं उत्तर उघडीपीत टिपलं गेलं, तर संकलनात त्या दोघी वेगवेगळ्या घरांत बसल्यासारख्या वाटतात.

नागराज मंजुळे यांचा ‘पावसाचा निबंध’ हा लघुपट या दृष्टीने पुन्हा बघावा, आणि खरं तर डोळे मिटून ऐकावा. शाळेतल्या मुलाला पावसावर निबंध लिहायला सांगितलं आहे आणि त्याचं घर गळतं आहे. पाऊस तिथे पार्श्वभूमीला नाही, तो घरात शिरलेला आहे, आणि हे पटतं ते ध्वनीमुळे. ६५व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य विभागात मंजुळे यांना दिग्दर्शनासाठी आणि अविनाश सोनवणे यांना ध्वनिलेखनासाठी पुरस्कार मिळाला. दिग्दर्शन आणि ध्वनी एकाच लघुपटासाठी गौरवले जाणं हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगं आहे.

आवाजाकडे दुर्लक्ष का होतं याचं कारण माणसाच्या कानात आहे. कान निवड करतो. पंखा, फ्रिज, शेजारचा मिक्सर, दूरची आगगाडी हे सगळं चालू असताना समोरच्याचं बोलणं तेवढं मेंदू उचलतो आणि बाकीचं बाजूला सारतो. मायक्रोफोनला असं काही जमत नाही. तो सगळं सारख्याच निष्ठेने लिहून घेतो. म्हणून चित्रीकरणाच्या वेळी ‘छान आलं’ वाटणारं दृश्य रात्री घरी ऐकताना फ्रिजच्या गुणगुणीने भरलेलं निघतं. चित्रीकरण चालू असताना एकाने कानाला हेडफोन लावून बसायचं आणि बाकी काहीच करायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी लघुपटांची निम्मी दुखणी कमी होतील. फ्रिज बंद करावा लागला तर ध्वनिमुद्रक मंडळींची एक जुनी युक्ती आहे : गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचं विसरत नाही. ज्या घराने अंगण, चहा आणि दिवसभराची शांतता दिली त्या घरातलं दूध नासवून निघणं बरं नव्हे.

अंतराचं गणितही सोपं आहे. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, आणि भिंतीवरून येणारा घुमारा मात्र तेवढाच राहतो. चित्र घेणारा फोन दहा फुटांवर असेल तर त्याच्या माइकला आजी विहिरीतून बोलल्यासारखी ऐकू येते. उपाय म्हणून महागडा माइक लागत नाही. दुसरा फोन ध्वनिमुद्रणावर लावून आजीच्या शेजारच्या उशीमागे, सुपाखाली, कंदिलाआड, जिथे चित्रात दिसणार नाही तिथे ठेवायचा. सुरुवातीला दोन्ही फोनांसमोर एक टाळी वाजवायची. संकलनात टाळीचा टोकदार आवाज आणि हात भिडल्याचं चित्र जुळवलं की दोन्ही फिती एकत्र बसतात. चित्रपटवाले क्लॅपची फळी वाजवतात ती याच कामासाठी.

तुडीलचं स्वतःचं आवाजाचं वेळापत्रक आहे आणि ते दोन दिवस नुसतं वहीत लिहून काढावं. अजानच्या वेळा, देवळातली सकाळची गाणी, शाळेची प्रार्थना, सापे-वामने स्थानकाच्या बाजूने जाणाऱ्या कोकण रेल्वेच्या गाड्या, गॅसवाल्याची गाडी, वाळूचा किंवा चिऱ्याचा ट्रक चढ चढताना, संध्याकाळी गुरांच्या घंटा, अंधार पडल्यावर रातकिडे. पावसाळ्याच्या तोंडाला बेडूक. या वहीचे दोन उपयोग होतात. कुठल्या वेळी संवाद घ्यायचे नाहीत हे कळतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पटकथेत लिहिलेल्या वेळेला गावात खरोखर काय ऐकू येतं हे कळतं. पहाटेच्या दृश्याला कुठल्यातरी संग्रहातला शहरी पक्ष्यांचा आवाज चिकटवला की तुडीलचा माणूस पहिल्या क्षणाला ओळखतो.

आवाज हीच गोष्ट होऊ शकते याचं मराठीतलं उत्तम उदाहरण विद्यार्थी चित्रपटातलंच आहे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झालेल्या संस्थेत शिकत असताना उमेश कुलकर्णी यांनी पदविका चित्रपट केला तो ‘गिरणी’. वडील नसलेलं घर, आई पोटापाण्यासाठी दळणाची गिरणी घरात आणते, आणि त्या छोट्या घरात वाढणाऱ्या मुलाच्या दिवसाचा ताबा गिरणी घेते. गिरणीचा घरघराट पोराच्या अभ्यासात, झोपेत, मित्रांसमोरच्या लाजेत शिरतो. ही गोष्ट चित्रांनी सांगता आली असती, पण तिचा जीव आवाजात आहे. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो परदेशी महोत्सवांत फिरला, आणि पुढे हाच दिग्दर्शक ‘वळू’, ‘विहीर’ आणि सुवर्णकमळ मिळवणाऱ्या ‘देऊळ’पर्यंत गेला. विद्यार्थ्यांनी यातून घ्यायची गोष्ट अगदी व्यवहारातली आहे. ज्या आवाजाचा चित्रीकरणात त्रास होतो आहे, तो गोष्टीत घेता येतो का ते आधी तपासावं. पत्र्यावरच्या पावसात आजीचं बोलणं ऐकू येत नाही? मग मुलीलाही ते ऐकू येऊ नये. आजी काहीतरी सांगते आहे, मुलगी ‘काय?’ म्हणून कान जवळ नेते, पाऊस थांबतो तेव्हा आजीला झोप लागलेली असते. नऊ मिनिटांच्या लघुपटाला एवढा प्रसंग पुष्कळ झाला, आणि त्याला ध्वनीची दुरुस्तीही लागत नाही.

आता बोलीविषयी. तुडीलच्या आसपास कोकणी मुसलमान घरांतली बोली वेगळी, कुणबी घरांतली वेगळी, बौद्धवाडीतली वेगळी, मुंबईत वाढून सुट्टीला आलेल्या नातवाची आणखी वेगळी. आखातात वर्षानुवर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडी अरबी-हिंदीचे शब्द सहज येतात. पटकथा मात्र प्रमाण मराठीत लिहिलेली असते आणि नटाला ती पाठ करायला लावली जाते. पाठ केलेलं वाक्य म्हणताना गावातला माणूस शाळेतल्या स्नेहसंमेलनात उभा राहिल्यासारखा ताठ होतो. दोष त्याचा नसतो. त्याला प्रसंग सांगावा, काय कळायला हवं ते सांगावं आणि वाक्य त्याच्यावर सोपवावं.

या बाबतीत ‘पिस्तुल्या’कडे वळल्यावाचून गत्यंतर नाही. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे अहमदनगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापन अभ्यासाचा अभ्यासक्रम करत होते. अभ्यासाचा भाग म्हणून केलेला हा सुमारे पंधरा मिनिटांचा लघुपट. शाळेची ओढ असलेला पण परिस्थितीने चोरीकडे ढकलला जाणारा एक मुलगा. त्या भूमिकेत सूरज पवार हा अभिनयाचं कुठलंही शिक्षण न घेतलेला पोर होता. लघुपटाला ५८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. पुढे हाच सूरज ‘फँड्री’त आणि ‘सैराट’मध्ये दिसला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात, परीक्षेच्या गुणांसाठी केलेल्या लघुपटातून हे झालं, ही गोष्ट महाड-पोलादपूरच्या विद्यार्थ्यांनी मनापासून घ्यावी अशी आहे. मंजुळे यांनी दिग्दर्शक म्हणून पुण्या-मुंबईची गोष्ट उसनी आणली नाही. माहीत असलेला मुलगा, माहीत असलेली भाषा, माहीत असलेलं ऊन त्यांनी पडद्यावर आणलं.

इथे एक काळजीचा मुद्दा. लहान मूल कॅमेऱ्यासमोर असेल तर आईवडिलांची लेखी संमती घ्यावी, आणि त्यांना पूर्ण गोष्ट सांगून घ्यावी. ‘तुमच्या मुलाचा व्हिडिओ काढतो’ एवढं पुरेसं नाही. मूल पडद्यावर चोर आहे, मार खातं आहे किंवा कुणी त्याला जातीवरून बोलतं आहे, हे पालकांना आधी कळायला हवं. लघुपट मोबाईलवरून वाडीतल्या प्रत्येक घरात पोचतो आणि मूल दुसऱ्या दिवशी शाळेत जातं.

उजेडाबद्दल एकच गोष्ट, पण न विसरता येणारी. भारतात घरगुती वीज पन्नास हर्ट्झची आहे. जुनी ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. बरेच फोन सेकंदाला तीस चौकटी या हिशेबाने चालतात आणि मग भिंतीवर काळसर पट्टे वर-खाली सरकताना दिसतात. फोनमध्ये हाताने ठरवण्याची सोय असलेलं ॲप घेऊन पंचवीस चौकटी आणि एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदाचा शटर ठेवला की पट्टे जातात. ही खबरदारी चित्रीकरणाच्या आधी दहा सेकंदांची चाचणी घेऊन घ्यायची असते, कारण टिपलेल्या चित्रातले पट्टे नंतर काढणं फार किचकट असतं. शक्य असेल तिथे दिवा बंद करून खिडकीजवळ बसणं सगळ्यांत उत्तम. ओटीवरचा सकाळचा उजेड फुकट आणि देखणा असतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या पोलादपूरकडच्या वाड्यांमध्ये मात्र सूर्य डोंगराआड लवकर जातो. घड्याळात संध्याकाळचे पाच आणि अंगणात तिन्हीसांज, हे तिथे नेहमीचं. मावळतीचं सोनेरी दृश्य लिहिण्याआधी त्या अंगणात एक संध्याकाळ उभं राहून पाहावं.

मग माणसांची वाटणी. विद्यार्थी गटात बहुतेक वेळा एकच उत्साही मुलगा लिहितो, दिग्दर्शन करतो, कॅमेरा धरतो आणि कधी कधी नायकही होतो. बाकीचे ‘मदतीला’ असतात. अशा गटात आवाज कुणाच्याच वाट्याला येत नाही. पुण्याच्या त्याच संस्थेतला अगदी अलीकडचा दाखला वेगळा मार्ग दाखवतो. मैसूरुचे डॉक्टर चिदानंद नाईक यांनी दूरचित्रवाणी विभागाच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाअखेरीस कन्नड लघुपट केला. इंग्रजीत त्याचं नाव ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’. एक म्हातारी कोंबडा पळवते आणि गावावर उजाडायचंच थांबतं, अशी ती लोककथेच्या वळणाची गोष्ट. चित्रीकरणाला मिळाले चार दिवस. दिग्दर्शन नाईक यांचं, छायालेखन सूरज ठाकूर यांचं, संकलन मनोज व्ही. यांचं आणि ध्वनी अभिषेक कदम यांचा. चौघेही विद्यार्थी, चौघांकडे चार वेगळी कामं, आणि ध्वनीला चित्राच्या बरोबरीची खुर्ची. २०२४च्या कान महोत्सवात जगभरातल्या ५५५ संस्थांमधून आलेल्या २,२६३ विद्यार्थी चित्रपटांतून अठरा निवडले गेले आणि त्यांत या लघुपटाला पहिलं पारितोषिक मिळालं. रात्रीची गोष्ट चार दिवसांत. गावाच्या रात्रीला असलेला अंधार आणि आवाज हेच त्या लघुपटाचं भांडवल होतं, आणि खाडीपट्ट्यात ते दोन्ही मुबलक आहे.

चार जणांच्या गटाने पहिल्याच बैठकीत ही नावं वहीत लिहावीत : गोष्ट आणि नट सांभाळणारा एक, चित्र सांभाळणारी एक, कान सांभाळणारा एक. चौथ्याकडे वेळ : भरती-ओहोटी, एसटी, शाळा सुटण्याची वेळ, कुणाच्या घरी दुपारचं जेवण, कुणाची औषधाची वेळ, कुठला फोन चार्ज झाला आणि कुठल्याची जागा भरली. उच्च दर्जाच्या चित्रणाला फोननुसार मिनिटाला दीडशे ते चारशे एमबी लागतात, त्यामुळे दुपारी जेवणाच्या सुट्टीत फायली दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घेणं हेही चौथ्याचंच काम. एका फोनमध्ये असलेला लघुपट खाडीत पडू शकतो. जेवणाचं काम किरकोळ समजू नये. तांदळाची भाकरी आणि आमटी वेळेवर मिळालेली आजी दुपारनंतर जो टेक देते, तो उपाशी आजी देत नाही.

परवानग्यांचं थोडक्यात. घराच्या आत मालकाची, शाळेत मुख्याध्यापकांची, गावात ग्रामपंचायतीला आधी सांगितलेलं बरं. रेल्वे स्थानकावर आणि रुळांवर परवानगीशिवाय चित्रीकरण करायचं नाही, आणि ते धोक्याचंही आहे. रायगड किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे, तिथे गटाने कॅमेरे घेऊन जाण्याआधी त्यांच्या नियमांची चौकशी करावी. चित्रपटातलं गाणं मागे लावायचं नाही. त्याऐवजी गावातल्या कुणा आजीने जात्यावर किंवा भातलावणीच्या वेळी म्हटलेलं गाणं तिच्या संमतीने मुद्रित करावं. तो आवाज दुसऱ्या कुठल्याही लघुपटात नसेल.

आणि प्रत्येक जागेवरचं काम संपताना एक शेवटचं मुद्रण. कॅमेरा बंद, पंखा जसा होता तसा, सगळे जागच्या जागी उभे, कुणी हलायचं नाही, तीस ते चाळीस सेकंद. त्या खोलीची नुसती शांतता मुद्रित करायची. संकलनात दोन वाक्यांच्या मध्ये रिकामी जागा तयार झाली की हीच शांतता तिथे भरावी लागते. ती नसेल तर प्रेक्षकाला खड्डा ऐकू येतो. तुडीलमधल्या आजीच्या खोलीची ही शांतता ऐकून पाहावी : चुलीत निवणारा निखारा, पडवीत कोंबडीची खुडबुड, लांब खाडीपलीकडून आलेला हॉर्न, आणि आजीचा श्वास.

पुढील भागात : टेबलावरचा लघुपट. अडीच तासांच्या चित्रणातून नऊ मिनिटं कशी काढायची, आणि आवडता प्रसंग कापण्याआधी काय तपासायचं.